दळणाऱ्या हातातला कॅमेरा

मी एक कॅमेरा बोलतोय. फोटो काढणारा नव्हे, हलती चित्रं टिपणारा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पहिल्यांदा बघणारा माणूस मला तपकिरीची डबी समजतो आणि झाकण उघडायला जातो. तळहातावर मावेल एवढा काळा डबा, पुढं काचेचा एकच डोळा आणि उजव्या कुशीला फिरवायची दांडी, एवढंच माझं शरीर. दांडी फिरवली की पोटातली फिल्म सरकते आणि समोरचं जग तिच्यावर उमटत जातं. तेही उलटं, डोकं खाली आणि पाय वर. मोठमोठी माणसं मी अशी पाहिली आहेत, म्हणून मला कुणाचा फारसा धाक वाटत नाही.

सध्या माझा मुक्काम सिंदफणेच्या काठी, सावरटाकळी गावात, वच्छलाबाईंच्या जात्याशेजारच्या भिंतीतल्या देवळीत आहे. डाव्या बाजूला तेलाची बाटली, उजव्या बाजूला सुपारीचा डबा. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना आत्मवृत्त सांगायला बसवलं की त्या हमखास रडायला लागतात. मी रडणार नाही. मी जिंकलेला कॅमेरा आहे, आणि ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझी शेकडो भावंडं जन्मली, त्यामुळे बारसं वगैरे काही झालं नाही. पाठीवर एक आकडा ठोकला आणि खोक्यात घातलं. पहिला मालक होता हैदराबादेतला एक रेल्वेचा साहेब. त्यानं माझ्याकडून चार वर्षं फक्त चहा पिणारी माणसं टिपून घेतली. बागेत चहा, व्हरांड्यात चहा, कुत्र्याच्या वाढदिवसाला चहा. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा कुत्र्याला घेऊन गेला आणि मला राधाकिशन शेठच्या दुकानात देऊन गेला.

राधाकिशन शेठ जुनी घड्याळं, दुर्बिणी आणि कॅमेरे विकायचे. त्यांच्या खिडकीत मी दोन वर्षं ऊन खात पडून होतो. माझ्या शेजारी एक चकचकीत कॅमेरा होता. त्याला तीन डोळे. पोटात स्प्रिंग. एकदा चावी दिली की दांडी फिरवायचं कामच नाही, आपोआप चालायचा. गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याच्याकडे बघायचं. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

ही गोष्ट साधारण एकोणीसशे चौतीसची, निजामाच्या राजवटीतली. एका दुपारी दोन कॉलेजातली पोरं दुकानात शिरली. एक तलवाड्याच्या देशमुखांचा बंकट, पायात करकरणारे बूट. दुसरा सावरटाकळीचा धर्मराज. त्यानं पैसे रुमालात बांधून आणले होते आणि रुमाल मुठीत इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

“शेठ, हलती चित्रं काढायचा कॅमेरा पायजे,” धर्मराज म्हणाला. “मी शिकतो हाय. लई पैसे न्हाईत.”

“काय काढणार? लग्न? शिकार?”

“नदी.”

शेठ हसले. “नदीचा फोटो काढा ना. स्वस्तात पडेल.”

“फोटूत काहील थांबलेली दिसती,” धर्मराज म्हणाला. “थांबलेल्या काहिलीचं भ्या वाटत न्हाई कुनाला.”

मग त्यानं सगळं सांगितलं, आणि मी खिडकीतून कान देऊन ऐकलं. सावरटाकळी नदीच्या अलीकडे, माजलगावचा बाजार, दवाखाना आणि कचेरी पलीकडे. पावसाळ्यात सिंदफणा फुगली की नाव नाही, पूल नाही. गूळ करायची मोठी लोखंडी काहील पाण्यात सोडायची, तिच्यात माणूस बसवायचा, आणि दोन पोहणाऱ्यांनी छातीला भोपळे बांधून ती पलीकडे ढकलत न्यायची. काहील सारखी गरगर फिरते. बसलेल्यानं जरा अंग हलवलं की एका बाजूनं पाणी आत येतं. मागच्या भादव्यात धर्मराजाची आई तापानं फणफणली होती. हकीम हातात पेटी घेऊन पलीकडच्या काठावर दिवसभर उभा होता. काहिलीत बसायची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, हकीम आला, पण तोवर आई गेली होती.

गावानं कचेरीत चार अर्ज दिले. चारही अर्जांना एकच उत्तर आलं, की नाव मौजूद आहे. वीस वर्षांपूर्वी एक नाव खरंच मंजूर झाली होती. ती पहिल्याच पुरात वाहून गेली, पण दफ्तरातून तिला कुणी काढलं नाही. आता एक नवे साहेब आले होते. त्यांना सिनेमाचा शौक आहे असं धर्मराजाच्या कानावर आलं होतं. ज्यांना वाचून पटत नाही त्यांना डोळ्यांनी दाखवायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

शेठनी तीन कॅमेरे फळीवर मांडले. पहिला भलामोठा लाकडी, सिनेमा कंपन्या वापरतात तसला. धर्मराजानं तो उचलून पाहिला आणि खाली ठेवला. दुसरा माझा तीन डोळ्यांचा शेजारी. तो हातात घेतल्यावर धर्मराजाचा चेहरा उजळला, ते मी पाहिलं. माझी आशा तिथंच संपली.

“हा घेतला तर उरल्या पैशात फिल्म किती येईल?” त्यानं विचारलं.

“एक डबी.”

“आन् ह्यो एका डोळ्याचा घेतला तर?”

शेठनी बोटांवर हिशेब केला. “सहा. धुलाईसकट.”

“मग ह्योच द्या.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बंकट मात्र माझ्याकडे बघून हसला. “बे धर्मा, हे डबडं कावून घेतो बे? ह्याला पाय न्हाईत, स्प्रिंग न्हाई.”

“पाय घरी हायेत.”

“आन् स्प्रिंग?”

“हात हाय की,” धर्मराज म्हणाला. हे वाक्य पुढं त्याला फार महागात पडलं.

बंकटनं तीन डोळ्यांचा कॅमेरा घेतला, शिवाय पडद्यावर चित्रं टाकायचं हातानं फिरवायचं यंत्रही घेतलं. फिल्म घ्यायचं तेवढं विसरला. पण मन मोठं होतं त्याचं. “पडद्याचं यंत्र लागलं तर माझं ने,” असं तो दुकानाच्या पायरीवरच म्हणाला.

श्रावणात आम्ही रेल्वेनं परभणीला उतरून, तिथून बैलगाडीनं पाथरीवरून माजलगावला आलो. नदी ओलांडताना मी धर्मराजाच्या टोपीत होतो आणि टोपी डोक्यावर होती. काहील म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. आभाळ फिरतं, काठ फिरतो. मी पोटातली फिल्म घट्ट धरून बसलो. धर्मराजाचे वडील मोहनराव स्वतः काहील ढकलत होते. काहील त्यांच्याच गुऱ्हाळातली.

माझे पाय खरंच घरी होते. खळ्यावर धान्य उपणताना माणूस ज्या उंच तिवईवर उभा राहतो, ती तीन पायांची तिवई धर्मराजानं काठावर रोवली आणि बैलाच्या दाव्यानं मला तिच्यावर बांधलं. विकतच्या स्टँडहून ती दुप्पट पक्की होती. या पोराची अक्कल पाहून मला बरं वाटलं.

पण त्याच संध्याकाळी पहिली डबी गेली. आत माणसं कशी बसत असतील ते बघायला मोहनरावांनी ती चुलीपुढं उघडली. फिल्मला उजेड लागला की संपलं. “आत तर काईच न्हाई रे,” ते धर्मराजाला म्हणाले आणि डबी त्याच्या हातात परत दिली. धर्मराजानं बाकीच्या डब्या उंच फळीवर ठेवल्या. उरल्या पाच.

दुसऱ्या दिवशी गावात दवंडी पिटल्यासारखी बातमी पसरली की धर्मराज चित्रं काढणार आहे. आणि इथं गावानं एक चूक केली. चूक तरी कशी म्हणू? आयुष्यात एकदा फोटोला उभं राहायचं तर माणूस ठेवणीतलं नेसून उभा राहतो, एवढंच त्यांना ठाऊक. बाया नथी घालून, जरीकाठी लुगडी नेसून काठावर आल्या. गड्यांनी लग्नातले फेटे बांधले. मोहनराव फेटा बांधूनच पाण्यात उतरले आणि फेटा भिजू नये म्हणून मान ताठ ठेवून पोहले. काहिलीत जो बसे तो माझ्याकडे तोंड करून हसे. धर्मराज ओरडून सांगत होता की माझ्याकडे बघू नका. मग तर सगळेच बघायला लागले.

पाच वेळा काहील गेली आणि आली. तिसऱ्या खेपेला ती भोवऱ्यात सापडली आणि आतली म्हातारी भिवराबाई हसायची थांबली. तिनं डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेऊ लागली. माझ्या दांडीवरचा धर्मराजाचा हात तेव्हा मंदावला. त्याला आई आठवली असणार. मी त्याला सांगू शकत नव्हतो की, बाबा, फिरव. भ्या वाटतंय तिथंच हात चालव. चार डब्या संपल्या, धुवायला टपालानं हैदराबादला गेल्या आणि तीन आठवड्यांनी परत आल्या.

बंकट वडिलांच्या मोटारीची बॅटरी आणि पडद्याचं यंत्र घेऊन कचेरीत हजर झाला. दफ्तराच्या खोलीच्या खिडक्यांवर भरदुपारी घोंगड्या टांगल्या. भिंतीला पांढरं धोतर लावलं. साहेब, कारकून, चपराशी, सगळे दाटीवाटीनं बसले. यंत्राची दांडी बंकटनं हातात घेतली आणि मी धर्मराजाच्या मांडीवर बसून बघू लागलो.

जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. माझी दांडी हळू फिरली की पडद्यावरचं चित्र पळू लागतं, हा आमच्या जातीचा नियम. त्यात बंकटचा हात उतावळा. मोहनराव फेटा बांधून पाण्यात बेडकासारखे टुणटुण उडत होते. नथी घातलेल्या बाया काठावर तुरुतुरु धावत होत्या. आणि काहील भोवऱ्यात सापडली तिथं, जिथं धर्मराजाचा हात मंदावला होता नेमकं तिथं, ती भिंगरीसारखी गरगरली आणि आत भिवराबाई मान डोलवत नाचत असल्यासारखी दिसली.

खोली हसून हसून फुटली. साहेबांनी डोळे पुसले. ते मनानं वाईट नव्हते, पण हसू आवरेना. “धर्मराज, ये तो मेला है,” ते म्हणाले. “लोक तर लई मजेत दिसतात. इतकी मजा असेल तर नाव कशाला पाहिजे?”

बंकट पण हसत होता. मग त्यानं धर्मराजाकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

मला आजवर अशी लाज कधी वाटली नव्हती. मी एकही खोटी गोष्ट टिपली नव्हती, आणि तरी सगळं खोटं दिसलं होतं. वाटेत धर्मराजानं मला दोनदा नदीत फेकायला हात उचलला. फेकलं नाही, कारण माझ्यासोबत अजून एक डबी शिल्लक होती.

घरी वच्छलाबाई दळायला बसल्या होत्या. त्या मोहनरावांची बहीण, धर्मराजाची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेल्या. आई गेल्यापासून धर्मराजाला त्यांनीच सांभाळलं होतं. त्यांनी जातं न थांबवता विचारलं, “काय म्हनले साहेब?”

“हासले.”

“आन् भिवराबाईला बघून बी?”

“तिला बघून तर जास्तीच.” आणि मग त्यानं हाताची गोष्ट सांगितली. दांडी एकसारखी फिरवावी लागते. एका सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना जास्त. भीती वाटली की त्याचा हात थांबतो.

वच्छलाबाईंनी ओंजळभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकली. “जितं भ्या वाटलं तितं हात थांबला व्हय?”

“व्हय आत्या.”

“मंग दळाया बसला असतास तर नुस्ती भरड काढली असतीस.” त्यांनी जात्याचे आणखी दोन फेरे घेतले. मग म्हणाल्या, “तुजी माय गेली त्या दिशी घर पाव्हन्यांनी भरलेलं. म्या पायलीभर दळलं. रडत दळलं. पर पीठ काय जाडं पडलं न्हाई, धर्मा. आन ते डबडं हिकडं.”

त्यांनी मला डाव्या हातात धरलं आणि उजव्या हातानं दांडी फिरवली. रिकामाच होतो मी. पण तो हात लागल्याबरोबर माझ्या पोटातली चाकं जशी फिरली तशी ती कारखान्यातून निघाल्यापासून कधी फिरली नव्हती. ना धक्का, ना ओढ. चाळीस वर्षं पहाटे उठून दळणारा हात तो. त्याला फिरवायचं कसं हे कुणी शिकवायला नको होतं. वेग तेवढा शिकायचा होता. धर्मराजानं घड्याळ लावलं आणि वच्छलाबाईंनी जात्यावरची ओवी म्हटली. ओवीच्या एका ठेक्याला माझे दोन फेरे, असं गणित बसलं. दहा दिवस त्या रोज दळण झालं की मला फिरवीत आणि ओवी म्हणत.

शिंदफणीचं गं पानी काठाकाठानं चढलं,
माझ्या लेकीचं गं घर पल्याडच्या तीरी पडलं.

ही लेक म्हणजे मुक्ताबाई. तिचं सासर नदीपलीकडे. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना संपत आलेला. बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. पण गणपती आटोपले की पितृपंधरवडा लागतो, त्यात लेकीबाळींना आणत-नेत नाहीत. आणि पंधरवडा सरेपर्यंत आठवा महिना लागला असता. आठव्यात बाईला हलवायचं नाही. तेव्हा आणायचं ते पुनवेच्या आत, आणि नदी तर दुथडी भरून वाहत होती.

“आत्या, आपन ह्या खेपेला काढू का?” धर्मराजानं भीत भीत विचारलं. “एकच डबी हाय. दुसऱ्या कुनाचं बी काढू. तुला काठावर लेकीपाशी थांबायचं असंल तर—”

“काठावर थांबून काय करनार मी?” वच्छलाबाई म्हणाल्या. “हात रिकामा ठेवला तर जीव जाईल माजा.”

त्या दिवशी कुणी फेटा बांधला नाही. गावाला सांगायची गरजच पडली नाही. काठावर आलेल्यांना मी आहे याचंही भान नव्हतं. मोहनराव आणि एक जण भोपळे बांधून पलीकडे गेले. मुक्ता काहिलीत बसली. साधं लुगडं, दोन्ही हात पोटाभोवती. धर्मराजानं मला तिच्याकडे वळवलं आणि म्हणाला, “आत्या, चालू.”

दांडी फिरली.

मी चहा पिणारे साहेब पाहिले, कुत्र्याचा वाढदिवस पाहिला. पण आपण कशासाठी जन्मलो हे मला त्या दीड मिनिटात कळलं. काहील निघाली. धारेला लागली तशी फिरू लागली. मुक्ताचा चेहरा यायचा, पाठ यायची, पुन्हा चेहरा यायचा, आणि दर वेळी तो आधीपेक्षा पांढरा असायचा. मधोमध आल्यावर वाहत आलेलं बाभळीचं झाड काहिलीला घासून गेलं. काहील कलंडली. एका बाजूनं पाणी आत शिरलं. मोहनरावांनी सगळ्या अंगाचा भार दुसऱ्या बाजूला टाकला आणि ती सावरली. माझ्या कानाशी तेवढा वच्छलाबाईंचा आवाज होता. बारीक, कापरा, पण ठेक्याला धरून. शिंदफणीचं गं पानी. त्यांच्या डोळ्यातलं पाणी माझ्या पाठीवर टपटपत होतं. हात एकदाही अडखळला नाही.

काहील काठापासून दहा हातांवर असताना पोटात टक् झालं. फिल्म संपली. धर्मराज “झालं” म्हणाला. वच्छलाबाईंनी दांडी सोडली आणि त्या कमरेएवढ्या पाण्यात धावत गेल्या.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. या वेळी पडद्याच्या यंत्राजवळ वच्छलाबाई उभ्या राहिल्या. चपराशानं त्यांना दारातच अडवलं होतं. “बाईमानूस कचेरीत कशाला?”

“दळाया आले,” त्या म्हणाल्या आणि आत शिरल्या. बंकटनं आपली जागा सोडली आणि बॅटरी धरून खाली बसला.

साहेब आधीच हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते. कारकुनांनी एकमेकांना कोपरखळ्या दिल्या. खोलीत अंधार झाला. वच्छलाबाईंनी दांडी फिरवायला घेतली आणि सवयीनं ओवी म्हणू लागल्या, कारण ओवीशिवाय त्यांना हाताचा वेग सापडायचा नाही. ज्या ठेक्यावर मी टिपलं होतं त्याच ठेक्यावर चित्र चालू लागलं. पाण्याला पाण्याची चाल होती, बाईला बाईची. मुक्ताचा चेहरा आला, पाठ आली, चेहरा आला. पहिल्या फेऱ्याला कुणीतरी खाकरलं. दुसऱ्या फेऱ्यापासून खोलीत फक्त ओवी आणि यंत्राची करकर. झाड आलं. काहील कलंडली. साहेब खुर्चीत पुढं सरकले आणि त्यांचा हात आपोआप वर गेला, जणू तिला धरायला.

काठ दहा हातांवर आला आणि पडदा पांढरा झाला.

“आगे?” साहेबांचा आवाज चढला. “पुढं काय झालं? ती पोरगी पोचली का न्हाई?”

वच्छलाबाईंनी दांडीवरचा हात काढला. “माजी लेक हाय ती, साहेब. पोचली,” त्या म्हणाल्या. “तुमी आज एकडाव इचारलं. आमी पावसाळाभर रोज इचारतो.”

खिडकीवरची घोंगडी कुणी काढेना. मग साहेबांनीच उठून ती काढली. उजेडात त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. त्यांनी नावेचं जुनं दफ्तर मागवलं, त्या पानावर आडवी रेघ मारली, आणि तिथंच उभ्या उभ्या नव्या नावेचा हुकूम लिहिला. नावाड्याच्या पगारासकट. धर्मराजानं आत्याच्या पायावर डोकं ठेवलं. बंकटनं डोळे पुसले आणि बॅटरीच्या वासाचं निमित्त सांगितलं.

माझं काय झालं म्हणता? माझी छाती इतकी फुगली की झाकण उघडेल की काय असं वाटलं.

पुढच्या ज्येष्ठात नाव आली. सागवानी, बारा माणसं बसतील एवढी. पहिल्या पुराला तिची पहिली खेप निघाली तेव्हा गाव पुन्हा ठेवणीतले कपडे घालून काठावर जमलं. लग्नातले फेटे, नथी, जरीकाठी लुगडी. या वेळी ते कपडे अगदी बरोबर होते. मोहनराव फेटा बांधून नावेच्या टोकाला बसले आणि त्यांचा फेटा काही भिजला नाही. पलीकडून परत येताना नावेत हकीम बसले होते. दोन वर्षांमागं ज्यांची छाती झाली नव्हती, तेच. काठावर उतरल्यावर त्यांनी धर्मराजाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

धर्मराजाजवळ फिल्मची एकही डबी उरली नव्हती. तरी त्यानं मला तिवईवर बांधलं आणि वच्छलाबाईंनी दांडी फिरवली. रिकामीच. कुठं काही उमटलं नाही, पण मी सगळं पाहिलं.

त्याला आता बारा वर्षं झाली. धर्मराज हैदराबादेत हलत्या चित्रांचंच काम करतो. त्याच्याकडे नवा कॅमेरा आहे. हेवा वाटत नाही असं म्हणणार होतो, पण थोडा वाटतो. त्याच्याकडे शिकणारी पोरं येतात, खिशात थोडेसे पैसे आणि डोक्यात तीन डोळ्यांचे कॅमेरे घेऊन. कुठला घेऊ म्हणून विचारतात. सुट्टीत तो त्यांना इथं आणतो, मला देवळीतून काढून त्यांच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, “आधी फिल्मला पैसे राखा. मग जो परवडंल तो घ्या. आन् दांडी कोन फिरवनार ते घरात बघा.” पोरं हसतात. बंकटचा तीन डोळ्यांचा कॅमेरा, ऐकतो, अजून नवाच्या नवा आहे.

माझ्या मापाची फिल्म आता इकडं मिळत नाही. दांडीला थोडा गंज चढला आहे. वच्छलाबाईंना हल्ली फार दळवत नाही, त्या भिंतीला टेकून सांगतात आणि नात दळते. नात म्हणजे मुक्ताची तुळजा. माझ्या त्या दीड मिनिटाच्या चित्रात ती आहे, पण दिसत नाही; तिच्या आईचे दोन्ही हात तिच्यावर होते.

दळण झालं की तुळजा मला खाली घेते, पदरानं पुसते आणि दांडी फिरवते. ओवी म्हणते. एका ठेक्याला दोन फेरे. मी कान देऊन मोजतो. अजून एकदाही चुकलेली नाही.

तेव्हा ऐकणाऱ्या बाबांनो, बायांनो, माझं एवढं काम करा. कुठं जुन्या दुकानात, कुणाच्या माळ्यावर माझ्या मापाची एखादी डबी सापडली, तर सावरटाकळीला घेऊन या. नावेनं या, भिजणार नाही. इथं हात तयार आहे.